दोघींची नोंद

"बाळ गेलं परत," काउंटरवरच्या जनाबाई सिस्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या.

बाकावरचा बुधू ताडकन उठला. "बाळ पन गेलं?"

"नाय रे, नाय! पोर बरी हाय तुझी. नोंद गेली, नोंद."

तो पुन्हा खाली बसला नाही.

मुरबाडच्या त्या छोट्या दवाखान्यात त्याची बायको लहानी सकाळी बाळंत झाली आणि थोड्याच वेळात वारली. तिला गावी, टोकावड्याकडे न्यायला जीप दारात उभी होती. बुधूची आई ठमी आत सुनेच्या उशाशी बसली होती. पोर मात्र छापील चिठ्ठीशिवाय हातात मिळत नव्हती. कॉम्प्युटर आल्यापासून तसा नियमच झाला होता.

प्रोग्राम लिहिणारी सरिता निरोप मिळताच शहापूरहून एसटीने आली. तिने कोड उघडून पाहिला. चूक कुठेच नव्हती. आईची भरती, बाळाचा जन्म, मग आईला वॉर्डात खाट, हे सगळं मिळून एकच काम, असं तिनेच ठरवलं होतं. एक पायरी अडली की आधीच्याही पुसल्या जायच्या. अर्धवट काही मागे राहू नये म्हणून. या बांधणीचा तिला अभिमान होता.

आज खाटेपाशी अडत होतं; गेलेल्या बाईला वॉर्डात खाट कुठली देणार?

"कुठली तरी खाट टाकून देऊ का?" जनाबाईंनी हळूच विचारलं. "लवकर सुटतील बिचारे."

"नको. तिला खाटेवर नको दाखवायला."

सरिताने बाळाची नोंद आईच्या नोंदीपासून सोडवायला घेतली. काम दोन-चार ओळींचं होतं, पण बोटं पुढे सरकेनात.

"झालं," शेवटी ती म्हणाली. "आता आईचं काहीही झालं तरी बाळ..." तिने छपाईचं बटण दाबलं.

प्रिंटर खरखरला. बुधूने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"यात लहानी कुठंय, ताई?"

"तिची नोंद वेगळी केली, दादा."

"वेगळी?" तो चिठ्ठीकडे बघत राहिला. "तिनं पोरीला बघितलं पन नाय."

जनाबाईंनी दुपट्यात गुंडाळलेली पोर आणून दिली. तोवर चादरीत झाकलेल्या लहानीला जीपमध्ये ठेवलं होतं आणि ठमी तिच्याशेजारी बसली होती. बुधू पोरीला घेऊन जीपमध्ये चढला. ठमीने हात पुढे केले, पण त्याने पोर तिच्याकडे दिली नाही. चादर थोडी बाजूला करून त्याने ती लहानीच्या कुशीत निजवली.

ड्रायव्हरने गाडी चालू केली.

"बंद कर रे," बुधू म्हणाला. "जरा टाइम थांब."