पाचवं भिंग

बोर्ड पुन्हा मेला. हिरवा दिवा लागला, अर्धं मिनिट तग धरून राहिला आणि विझला. टान हुईवनने सोल्डर गन बाजूला ठेवली आणि कपाळाला हात लावला. सेल नवा होता. सोल्डरचे टाके पुन्हा पुन्हा तपासून झाले होते. चिपसुद्धा बदलून झाली होती. आता आणखी काय बदलायचं, स्वतःचं नशीब?

शेनझेनच्या इलेक्ट्रॉनिक बाजारामागच्या या खोलीत ती असेच बोर्ड बनवून विकायची. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे यंत्राच्या चिमुकल्या मेंदूला जोडायचा, रिचार्ज होणारा लिथियम सेल सांभाळणारा छोटासा बोर्ड. वीज गेली तरी सर्किट चालू राहावं, एवढंच त्याचं काम. पण हा नवा बोर्ड गिऱ्हाइकांच्या आधी तिच्या बाबांच्या घरी जायचा होता.

बाबा मेइझोउच्या डोंगरात पपनसांची बाग राखत एकटेच राहायचे. गेल्या हिवाळ्यात अंगणात घसरून पडले. शेजारीण अंडी द्यायला आली, म्हणून कुणाला कळलं तरी. तेव्हापासून मोठा भाऊ यूहाओ हट्टाला पेटला होता, की त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं. बाबा म्हणत, झाडं सोडून मी कुठेही येणार नाही. शेवटी हुईवनने मधला मार्ग काढला. चहाच्या किटलीखाली एक डबी बसवायची. सकाळी किटली तापली, की दोघा भावंडांच्या फोनवर निरोप येईल. डोंगरात वीज घडीघडी जाते, म्हणून डबीला सेलचा बोर्ड हवा. यूहाओने कसंबसं मान्य केलं, पण मुदत घातली. शरदातल्या चंद्रोत्सवापर्यंत डबी चालली तर ठीक, नाहीतर बाबांची वृद्धाश्रमातली खोली पक्की. चंद्रोत्सव आता तोंडावर आला होता.

यूहाओकडे आणखी एक मुद्दा होता. बाबांना विसरायला होत होतं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "जेवलीस?" म्हणायचे आणि मग काहीतरी मागायचे. कधी चष्म्याची दोरी, कधी नेलकटर, कधी वाचायचं भिंग. ती बिचारी पाठवत राहायची. नववर्षाला घरी गेली, काडेपेटी शोधायला खण उघडला, तर आत चार भिंगं! खोकीसुद्धा फोडलेली नाहीत, एकावर एक नीट रचून ठेवलेली. यूहाओ म्हणाला, बघ, आता तरी पटलं? तिने खण लावून टाकला. हल्ली तर काम चालू असलं की ती सरळ फोन पालथा घालून ठेवायची.

"दे इकडे. तुझ्या हाताला यशच नाही," शेजारच्या टेबलावरून छिऊ लान म्हणाली. लान नाचणाऱ्यांच्या पोशाखांसाठी दिव्यांच्या माळा बनवायची. खोलीचं भाडं दोघी मिळून भरायच्या आणि टोमणे लान एकटीच मारायची. तिने बोर्डाला आपली माळ जोडली. माळ लखलखली, आणि दुपारचं जेवण उरकून भांडी घासून झाली तरी लखलखतच होती. लानला तेवढंच हवं होतं. बोर्ड शहाणा आहे, कुणाकडे राहावं ते त्याला कळतं, असं म्हणून ती खो खो हसली.

हुईवनला आधी राग आला. मग ती ताडकन उठली. माळ काढून तिने डबीचं सर्किट लावलं. अर्ध्या मिनिटात बंद. पुन्हा माळ लावली, तर चालू.

चिप पॉवर बँकेची होती. बाजारात ढिगाने मिळते, म्हणून सगळे तीच वापरतात. पॉवर बँकेला फोन लावला की तो घटाघटा वीज पितो. पिणं थांबलं की चिप समजते, फोन काढून नेला, पलीकडे आता कुणी नाही, आणि आपलं दुकान बंद करते. किटलीखालचं सर्किट मात्र दिवसभर गप्प बसणारं, जेमतेम थेंबभर घेणारं. ते तिथेच होतं, पण चिपला त्याची चाहूलच लागत नव्हती.

"म्हणजे बिघाड काही नाहीच?" लानने विचारलं.

"नाही. सर्किट गप्प आहे, म्हणून चिप त्याला गेलेलंच समजते."

"मग आता गं?"

हुईवनने चिमट्यात एक रेझिस्टर उचलला. "हा जोडायचा, मायक्रोकंट्रोलर याला चालू-बंद करेल. तसं याला काम काही नाही. अधूनमधून, गरज नसताना, घोटभर मागायचं. तेवढ्यावर पलीकडचं जागं राहतं."

बोलता बोलता ती थांबली. तिची नजर पालथ्या फोनकडे गेली. काय झालं, म्हणून लान विचारेपर्यंत तिने टाका घातला आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली.

हिरवा दिवा लागला. अर्धं मिनिट उलटलं. लानने चहा केला, दोघींनी तो पिऊन संपवला, तरी दिवा चालूच. लान टाळ्या पिटायला लागली. हुईवनच्या डोळ्यांत पाणी आलं. लानला वाटलं, आनंदाने आलं असेल, आणि तेही काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी टेबलावरचा पालथा फोन थरथरला. तिने तो लगेच उचलला.

"जेवलीस?"

"अजून नाही, बाबा."

"कामात असशील. ठेवतो मग." पण ठेवला नाही. "ते... हल्ली बारीक अक्षरं लागत नाहीत गं मला. तिकडे एखादं भिंग मिळालं, तर पाठवशील का?"

खणातली ती खोकी तिच्या डोळ्यांपुढे आली. विसरणारा माणूस असं एकावर एक नीट रचून ठेवत नाही.

"पाठवत नाही, बाबा," ती म्हणाली. "घेऊन येते."