एकाच्या जागी एक

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला अडवलं. "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही. मी इथलाच आहे. जोडारी. पंपांच्या जुळणीत असतो."

पहारेकऱ्यानं त्याला खालून वर न्याहाळलं. "येणारा प्रत्येक जण इथलाच असतो," म्हणत त्यानं 'पाहुणा' लिहिलेला बिल्ला पुढं केला. "नवं ओळखपत्र मिळेपर्यंत हा लावा. मला जास्त विचारू नका, मीही इथं नवाच आहे."

जोडाऱ्यानं हसून बिल्ला छातीवर अडकवला. एवढ्यातेवढ्यानं आज त्याचं बिनसणार नव्हतं. प्रत्येकानं सगळं शिकायचं, असा कंपनीचा दंडक. म्हणून त्याला आधी चाचणीत घातलं, मग गोदामात, आणि शेवटी परदेशातल्या कारखान्यात. तिथं भाषा येईना, तेव्हा हातवाऱ्यांवर निभावून नेलं. इथं घरी म्हणायचं तर एक ताई, आणि तिनंही फोनवर 'रविवारी ये जेवायला' एवढंच म्हटलं होतं. पण आज तो आपल्या टेबलावर परत चालला होता, आणि टेबलापलीकडे रेडिओ उभा असणार होता.

रेडिओ त्याचा जोडीदार. तोंड एकदा सुरू झालं की बंद व्हायचं नाही, म्हणून ते नाव. पंपाचं झाकण बसवताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळावे लागतात, नाहीतर झाकण तिरपं बसतं. एक याचा, एक त्याचा. रेडिओची टकळी चालू असायची, हा नुसता हूं हूं करायचा, आणि चारही हात एकमेकांचं बरोबर सांभाळून घ्यायचे.

टेबल आता दुसऱ्या भिंतीला लागलं होतं. मागं चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई उभी होती.

"या, या. परदेशातून आलेले तुम्हीच ना? मी हिशेब खात्यातली. सध्या इथं शिकतेय."

"रेडिओ कुठंय?"

"ते गेले की! मागच्याच आठवड्यात. तुम्ही तिथून निघालात तसे, तिकडे तुमच्याच जागी." तिनं चष्मा खाली घेतला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं," जोडारी म्हणाला.

कामाला बाई चोख होती. बोल्ट पुरेसा आवळला गेला की नवा पाना टक् वाजायचा, आणि मग ती थांबायची. जोडाऱ्याचा हात सवयीनं डावीकडे गेला आणि रिकामा परत आला. हत्यारं आता उजवीकडे होती. तिनं न बोलता त्याच्या हातात पाना दिला. पहिलंच झाकण तिरपं बसलं. दोघांनी सगळे बोल्ट पुन्हा सैल केले.

"माझंच चुकलं," तो म्हणाला.

"असू दे हो. बसेल हात. तोवर मी जाईनच गोदामात."

दुपारकडे बदल्या ठरवणाऱ्या मॅडम चक्कर टाकून गेल्या. "तुमच्यासारखी माणसं म्हणजे आमची श्रीमंती," त्या म्हणाल्या. "कुठंही ठेवा, चालतात."

"हो, स्टुलासारखी," जोडारी म्हणाला. मॅडम खळखळून हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

जेवणाची सुट्टी झाली तसा तो शेडच्या मागं गेला. रिकाम्या खोक्यांच्या थप्पीवर टेकला आणि त्यानं फोन लावला. तिकडे आत्ता कुठं उजाडत असेल. रेडिओनं फोन लगेच उचलला, पण बोलला काहीच नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस मला?"

"सांगणार होतो रे. पण तू परत यायच्या नावानंच एवढा हरखला होतास. म्हटलं, विरजण कशाला घालू?"

"बोलायला मिळतं का कोणी?"

"कोण मिळणार? माझं इथं कळतंय कुणाला? परवा दाढी करताना आरशाशी गप्पा मारल्या. तोही जांभया द्यायला लागला."

दोघंही हसले.

"एक विचारायचं होतं," रेडिओ म्हणाला. "तुझ्या या खोलीसमोरच्या दारातल्या म्हातारीचं काय प्रकरण आहे?"

"ती होय! तिच्यापासून जपून राहा. संध्याकाळी मी जिना चढलो रे चढलो की दार उघडून खेकसायची. रोज तोच एक शब्द. बुटांचा चिखल जिन्यावर पडतो म्हणून असणार. शेवटी शेवटी मी बूट हातात घेऊन वर जायचो. तरी खेकसायचीच."

"चिखलाचं नाही रे ते. मी इथल्या गोदामवाल्याला विचारलं, त्याला आपली भाषा थोडीफार येते. 'आलास का?' असं विचारते ती."

जोडारी थप्पीवरून उठून उभा राहिला. भिंतीपलीकडे कुणीतरी लोखंडी पत्रा ओढत नेत होतं. तो आवाज लांब गेला.

"ऐकतोयस ना?" रेडिओ म्हणाला. "काल मी वर आलो, तर तिनं दार उघडलं. मला पाहिलं. मग माझ्या मागं वाकून खाली जिन्यात पाहिलं आणि म्हणाली, 'तो आला का?' एवढं कळायला लागलंय मला. मी नुसता उभा राहिलो. आज पुन्हा विचारणार ती. काय सांगू?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. शेडमधली यंत्रं एकेक करून सुरू झाली. जोडाऱ्यानं फोन दुसऱ्या कानाशी धरला आणि पहिला कान तळव्यानं झाकून घेतला.

"सांग तिला," तो म्हणाला, "वाटेत आहे म्हणावं."