बाबांची कबुली

दारू सोडून बरीच वर्षं झाली होती, पण हल्ली संध्याकाळी बाबांच्या तोंडाला पुन्हा वास यायचा. पाय लटपटायचे, जीभ अडखळायची.

"तुझी शप्पथ, थेंबालाही शिवलो नाही गं!"

लेकीचा काडीचा विश्वास बसेना. तिने कपाटं उचकली, फ्लशच्या टाकीत हात घालून पाहिला. शेवटी बाबांनीच मान खाली घातली. "चोरून घेतो. सोडतो आता."

तरी सुटेना. मग तिने त्यांना हॉस्पिटलात भरती केलं. तिथे खोलीबाहेर पाऊल न टाकता, नर्सच्या डोळ्यांदेखत, नुसत्या पाव-बटाट्यावर बाबांना चढली.

"लाखात एखाद्याला होतं असं," डॉक्टर म्हणाले. "पाव फुगवतं ते यीस्ट यांच्या आतड्यात माजलंय. खाल्लेल्या अन्नाची ते आतच दारू करतं. यांनी खरंच थेंब घेतलेला नाही."

लेकीला बाबांकडे बघवेना. "मग कबूल कशाला केलंत?"

"खरं सांगत होतो तोवर तू फक्त तोंडाचा वास घ्यायला जवळ यायचीस," बाबा म्हणाले. "कबूल केलं, त्या दिवशी शेजारी जेवायला बसलीस."