दारावरचं ‘नाळे बा’

“शेवट चुकलाय,” जयाबाई म्हणाल्या आणि मिरचीचा देठ खुडून पाटीत टाकला.

रचनाने मोबाइलमधून मान वर केली. घसा बसेपर्यंत तिने अख्खं शेवटचं प्रकरण सासूला वाचून दाखवलं होतं. भुताच्या प्रेमाची तिची कादंबरी मोबाइलवर भागाभागाने येत होती आणि वाचक शेवटासाठी हटून बसले होते. पण तिची पहिली वाचक घरातच होती. दुपारची जेवणं उरकली की संकेश्वरच्या त्या घरात जयाबाई मिरच्या खुडायला बसायच्या आणि रचना त्यांना नवा भाग वाचून दाखवायची.

जयाबाईंना भुतातलं भारी कळायचं. “तुजं भूत नुसतं ग्वाड ग्वाड बोलतंय,” असं त्यांनी सुरुवातीलाच झाडलं होतं. “नवरा हाय का पावना? जरा भांडू दे की.” मग रचनाने भुताला खिडकीबाहेरून, नुसत्या वासावर, आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरायला लावलं. वाचक बेहद्द खूश झाले. जाता जाता “दूध झाकलंस का गं?” असं विचारायची खोडही तिने त्याला दिली. ती खोड सौरवची. जयाबाईंनी ती ओळखली. तेवढाच तुकडा पुन्हा वाचायला लावला.

सौरव म्हणजे जयाबाईंचा एकुलता एक मुलगा, रचनाचा नवरा. दोन वर्षांपूर्वी हायवेवर उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. दिवसकार्य उरकलं आणि जयाबाईंनी दारावर खडूने कानडीत लिहिलं, ‘नाळे बा’. उद्या ये. या भागात पूर्वी घराघरांच्या दारावर ते असायचं. दाराशी आलेलं भूत ते वाचतं, मुकाट्याने परत जातं, दुसऱ्या दिवशी येतं आणि पुन्हा तेच वाचतं. अक्षरं पुसट झाली की जयाबाई लगेच गिरवायच्या. रचनाच्या मनात ते सलत होतं. आई असून पोटच्या पोराला भ्यायचं? कादंबरीत तिने तेच दार घेतलं आणि त्यावर लिहिणारी एक कजाग सासू रंगवली. जयाबाई त्या सासूला मनसोक्त शिव्या घालायच्या. ती सासू म्हणजे आपणच, हे त्यांच्या गावीही नाही, असं रचनाला वाटायचं.

“काय चुकलं शेवटात?” तिने विचारलं.

शेवट सरळ होता. नायिका एका मास्तरचं स्थळ परतवून लावते, दारावरची अक्षरं स्वतःच्या हाताने पुसते आणि भूत कायमचं घरात येतं.

“लोकांना ह्येच पाहिजे, आत्ती. दोघांची ताटातूट केली तर मला फाडून खातील.”

“आन् त्या मास्तरचं काय?”

मास्तर काही कादंबरीपुरता नव्हता. निपाणीच्या एका हायस्कुलात शिकवणाऱ्या आदर्शचं स्थळ तिच्या भावाने आणलं होतं. माणूस चांगला होता. नुसता चांगला नव्हता, तिला आवडला होता. कादंबरी वाचून तो म्हणाला होता, “तुमच्या भुताशी माझं भांडण नाही.” उद्या त्याच्या घरचे उत्तर घ्यायला येणार होते आणि रचनाने नाही म्हणायचं ठरवलं होतं. ती गेली तर या घरात जयाबाईंना कोण होतं?

“मास्तरला दुसरी मिळंल,” ती म्हणाली.

“मिळंल की. पर ही पोरगी काय जलमभर भुतासंगं बसनार? असलं वाचून रडू येतंय, पर मन भरत न्हाय.” जयाबाईंनी पाटी बाजूला सारली. “भुताच्या गोष्टीत लोकास्नी काय पायजे, सांगू? मेलेल्याचं पिरेम खरं हुतं, एवढं कळाय पायजे. आन् ते खरं आसंल तर त्यो सोताच म्हनंल, जा गं बाय, जग.”

“आणि त्याच्यानं म्हणवलं न्हाय तर?”

“तर त्याच्या आईनं म्हनावं.”

रचनाला हुंदका आवरेना. जयाबाई उठल्या. त्यांनी मोरीत हात चोळून धुतले, एक फडकं भिजवलं आणि दाराकडे गेल्या.

“आत्ती, ऱ्हाऊ दे ते. मी गेल्यावर भ्या वाटंल तुम्हाला.”

‘मी गेल्यावर’ हे तिच्या तोंडून निघून गेलं होतं. दोघींनीही ते ऐकलं.

“भ्या? सौरवचं?” जयाबाई हसल्या. “भूत हाकलायला न्हवतं गं लिवलं. ते वाचलं की भूत दुसऱ्या दिशी परत येतंय म्हनत्यात न्हवं? म्हनून लिवलं. रोज ये म्हनून.”

दोन वर्षं एकाच दारातून दोघी ये-जा करत होत्या आणि रचनाला हे कळलं नव्हतं. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आन् तुज्या त्या सासूला बी जरा माणसावानी लिव,” जयाबाई म्हणाल्या.

त्यांनी अक्षरांवरून एकदा नुसता हात फिरवला. मग फडक्याने दार पुसलं, कोपऱ्यातला ठिपकासुद्धा ठेवला नाही.

“उद्या जितीजागती माणसं यायच्यात,” त्या म्हणाल्या. “दार सोच्छ पायजे.”