आतून पडलेले घाव

"इतकी वर्षं दार जागचं हललं नाही, आणि माझ्या भाच्याला ते आजच खरवडायचंय," आत्या खुर्चीत बसून पुटपुटत होती.

जुन्या घरांचा इतिहास लिहिणाऱ्या बाई दाराशी आतल्या बाजूने उकिडव्या बसून पात्याने रंगाचे थर उतरवत होत्या. बाकीचं लाकडी घर त्यांनी सकाळीच वाचून काढलं होतं. खांब आणि खिडक्यांचे गज मूळचे, छप्पर आगीनंतरचं. दार तेवढं तपासायचं उरलं होतं.

भाच्याला, या घरच्या मुलाला, बाहेर वडिलांच्या नावाची पाटी लावायची होती. दंगलीत जमावाने कुऱ्हाडीने दार फोडलं, घर पेटवलं, वडील एकटे लढले आणि आगीत गेले. ही गोष्ट सांगायची ती आत्याच. आईला नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काम निघायचं.

रंगाखाली खरंच घाव निघाले. मुलगा खूश झाला. बाईंनी मात्र घावात पातं फिरवलं, काळी भुकटी बोटांवर चोळली आणि विचारलं, हे दार कधी उलटं बसवलं होतं का?

"दार म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे, उलटा चढवायला?" आत्या म्हणाली.

मग घाव आतून घातलेत, बाई म्हणाल्या. आणि घावांच्या आतही लाकूड जळलंय, म्हणजे ते आगीच्या आधीचे.

मुलाने त्यांना ढकललं. त्या खांबावर आपटल्या. पाटीच्या कामाला आलेल्या सुताराची कुऱ्हाड कोपऱ्यात होती, ती उचलून तो दारावर तुटून पडला. जुन्या घावांवर नवे घाव. ढलप्या उडाल्या, एक आत्याचा गाल चिरून गेली. तिने रक्तही पुसलं नाही.

तेवढ्यात आई आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. कुऱ्हाड वरच्या वर थांबली. आईने वाकडं मनगट छातीशी धरलं होतं, नेहमीसारखं.

"असाच उभा होता तुझा बाप," ती म्हणाली. "तू माझ्या कडेवर होतास. मी बाहेर पळाले, बाहेरून कडी घातली. आतला कंदील त्याच्याच लाथेने लवंडला."

"वहिनी, पुरे," आत्या म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"तो हाका मारत होता. मी कडी काढली नाही."