शोधकाचं नाव

सोनभद्रच्या टेकडीवर तीन तास खणल्यावर नीलकंठरावांना बोटभर लांबीचा, आरपार दिसणारा स्फटिक सापडला. रिकाम्या हातांनी शेजारी बसलेला त्यांचा मित्र सुमंत म्हणाला, "बढिया! जन्मात पहिल्यांदा काहीतरी मिळालं की रे तुला!"

मुन्शी घाटाजवळ भरणाऱ्या प्रदर्शनात स्वतःच्या दगडांच्या संग्रहासोबत मांडायला सुमंतने तो मागून नेला. मांडामांडीच्या दिवशी दगडांपुढची कार्डं लिहायला नीलकंठरावच बसले. स्फटिकाचं कार्ड पुढे ओढून त्यांनी हळूच विचारलं, "शोधक कोण लिहू?"

"पूछना क्या! माझं नाव टाक. सगळी कार्डं एकसारखी दिसायला हवीत."

त्यांनी नाव लिहिलं.

शेवटच्या अक्षरावर शाई फिसकटली, तेव्हा "माफ कर हं," असंही तेच म्हणाले.