घड्याळाचं दर्शन

घड्याळातून काय निघालं ते नंदाबाईनं पाहिलंच नव्हतं, आणि इकडं ओसरीवर सतरंजी अंथरून झाली होती. थोड्याच वेळात परंदवडीतली त्यांची अख्खी आळी येऊन बसणार होती, नेमकं तेच ऐकायला.

मुलानं हौसेनं आईबापाला युरोपच्या सहलीला धाडलं होतं. त्यात प्राग नावाचं जुनं शहर होतं. नंदाबाईच्या नणंदेची मुलगी करिष्मा सोमाटण्याला राहायची आणि कंपनीच्या कामानं काही महिने तिकडं काढून आली होती. त्यामुळं प्रागबद्दल काही विचारायचं तर तिलाच, असा गावात रिवाज पडला होता. तिनं मामीला सूचनांनी नुसतं भंडावून सोडलं. जुना पूल बघायचा तो सकाळी, गर्दी व्हायच्या आत. चौकात निखाऱ्यावर भाजलेली गोड गुंडाळी मिळते, तिच्या रांगेत अजिबात लागायचं नाही. आणि चौकातलं जुनं घड्याळ काही झालं तरी चुकवायचं नाही. तासाला घंटा वाजते, दोन खिडक्या उघडतात, त्यांच्या संतांच्या मूर्ती एकामागून एक पुढं येतात आणि बघता बघता सगळं बंद होतं. म्हणून शौचालयाला आधीच जाऊन यायचं, मग जागा धरायची. मोबाईल वर धरायचा नाही. सगळ्यांच्या माना वर गेल्या की खिसा सांभाळायचा, कारण चोर तेवढ्याचीच वाट बघत असतात. पोरगी इतकं बारीकसारीक सांगतेय, म्हणजे तिनं किती नीट बघितलं असेल, असं नंदाबाईला वाटलं.

निघायच्या दिवशी शेजारची सावित्राबाई काठी टेकत आली होती. नंदाबाईचा हात धरून म्हणाली, "एकवीरेच्या पायऱ्या बी आता मला व्हत न्हाईत. तिथले देव तू नीट बघ, आन् मला सांग." नंदाबाईनं तिला शब्द दिला.

चौकात पोचल्यावर नवराबायकोत कामाची वाटणी झाली. घड्याळाकडं नंदाबाईनं बघायचं, खिशाकडं रखमाजीनं. जागा अगदी पुढची मिळाली. घंटा वाजली. खिडक्या उघडायला लागल्या, आणि नंदाबाईचे हात आपोआप जुळले, डोळे मिटले. जन्माची सवय ती. घंटा झाली, देव समोर आला की डोळे मिटायचे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि आता विसरता येणार नव्हतं. पोराला, सुनेला सुखी ठेव म्हणाली. सावित्राबाईच्या गुडघ्यांचंही तिनं मागून घेतलं. घड्याळावरचा कोंबडा आरवला तेव्हा तिनं डोळे उघडले. खिडक्या बंद झाल्या होत्या आणि लोक टाळ्या वाजवून पांगत होते.

तिनं घाबरून नवऱ्याकडं पाहिलं. रखमाजी दोन्ही हातांनी खिसा दाबून, खिशावरच नजर लावून उभा होता.

"तुमी तरी बघितलं न्हवं?"

"मी कसा बघणार? माझ्याकडं खिसा व्हता."

पुढच्या घंटेपर्यंत थांबायला सहलीवाला तयार नव्हता. झेंडा उंच धरून तो केव्हाच पुढं गेला होता.

आता मोबाईलवर बघून सांगावं, तर मोबाईलवर आळीतल्या पोरींनी ते आधीच बघितलं होतं. त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं ऐकायचं होतं. रखमाजीचं म्हणणं, दे ठोकून काहीबाही, परंदवडीतून कोण जातंय तपासायला. बाकीच्यांना नंदाबाईनं थापा मारल्याही असत्या. पण सावित्राबाई दोघींच्या आधारानं आली, पाय लांब करून सगळ्यांच्या पुढं बसली आणि नंदाबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. देवाच्या बाबतीत हिच्याशी खोटं कसं बोलायचं? त्यात कोपऱ्यात करिष्मा बसलेली. थाप मारली तर तिनं ती जागच्या जागी पकडली असती.

नंदाबाई उठली आणि देव्हाऱ्यातली घंटा घेऊन आली.

"समद्यांनी हात जोडा," ती म्हणाली. "आन् डोळे मिटा."

डोळे मिटून दिसायचं कसं, असं सुषमानं विचारलं. सुषमा आळीतली सगळ्यात चौकस सून.

"मी घेतलं तसंच दर्शन देते. मिटा डोळे."

मग तिनं सांगितलं. मोठा दगडी चौक. गार वारा. कुठल्याकुठल्या मुलखातली माणसं माना वर करून उभी आणि कुणी चकार शब्द काढत नाही. एवढं बोलून तिनं घंटा वाजवली. ओसरी एकदम गप्प झाली. बायका हात जोडून बसल्या होत्या, कुणाचे ओठ हलत होते. तेवढ्यात मागच्या पडवीतून रखमाजीनं बांग दिली. खिसा सांभाळता सांभाळता कोंबडा त्यानंही ऐकला होता. बांग इतकी झकास झाली की शेजारच्या खुराड्यातून तिला उत्तर आलं.

बायका हसल्या, डोळे पुसत उठल्या. सावित्राबाईनं मात्र डोळे लवकर उघडले नाहीत.

"दिसलं गं," ती म्हणाली. "समदे दिसले."

नंदाबाईला सुटल्यासारखंही वाटलं आणि रडूही आलं. चहा झाला, आळी पांगली. मागं राहिली ती करिष्मा, कपबशा गोळा करत. आता ही विचारणार, मामी, मूर्तींबद्दल एक शब्दही कसा नाही सांगितलास. नंदाबाईनं सतरंजीची घडी घालायला घेतली.

करिष्मा जवळ आली आणि सतरंजीचं दुसरं टोक धरून हळूच म्हणाली, "मामी, पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या गुंडाळीच्या रांगेत होते, दुसऱ्यांदा शौचालयाच्या, आणि तिसऱ्यांदा माझा मोबाईल घेऊन पळालेल्या चोराच्या मागं. घड्याळ मी आजच बघितलं."